तालमीच्या मुलखात तायक्वांदो

(प्रस्तावना)

बेळगाव-निपाणी पट्ट्यात संध्याकाळी शाळेच्या पटांगणावर, मंगल कार्यालयाच्या सभागृहात किंवा रिकाम्या वखारीच्या फरशीवर पांढऱ्या पोशाखातली मुले-मुली ओळीत उभी राहून लाथांचा सराव करताना दिसली, तर आता कुणाला नवल वाटत नाही. मुलांना सोडायला आलेले पालक कडेला थांबतात आणि आपापसांत विचारतात: हे कराटेच ना? पट्टा किती महिन्यांत मिळतो? पुढे भरतीला याचा उपयोग होतो का? मुलीला स्वतःचे रक्षण करता येईल का? प्रश्न साधे आहेत आणि रास्तही आहेत. त्यांची उत्तरे मराठीत, एका जागी आणि कुणाची भीड न ठेवता मिळावीत, यासाठी हे पुस्तक आहे. त्याचे दार उघडून देण्याचे काम या प्रस्तावनेचे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. तायक्वांदो फार प्राचीन आहे म्हणून शिकावा, असे मला वाटत नाही. ती गेल्या शतकात जाणीवपूर्वक बांधलेली, कुणालाही टप्प्याटप्प्याने शिकवता यावी अशी रचलेली विद्या आहे, म्हणून ती शिकण्याजोगी आहे. तिचे बळ या रचनेत आहे आणि तिला लागू शकणारी कीडही तिथेच आहे. ती खरी शिकवली जाते आहे की नुसती विकली जाते आहे, हे ओळखण्याचे माप सीमाभागातल्या माणसाला बाहेरून आणावे लागत नाही. ते त्याच्या गावच्या तालमीत आहे.

कोल्हापूर ते बेळगाव हा कुस्तीचा सलग मुलूख आहे. राज्यांची सीमा १९५६ मध्ये आखली गेली. कुस्तीच्या मैदानांनी ती कधी मानली नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले कोल्हापूरचे खासबाग मैदान १९१२ चे. बेळगावात आनंदवाडीचा आखाडा आहे, येळ्ळूरला श्री चांगळेश्वरीच्या यात्रेत भरणारे मैदान आहे आणि त्यांच्याभोवती गावोगावच्या तालमींचे जाळे आहे. हौद्यातली लाल माती उकरणे, जोर-बैठका, वस्तादांच्या पाया पडून मातीत उतरणे, थोरल्या पैलवानाने धाकट्याला खेळवत खेळवत डाव शिकवणे, वस्तादांनी होकार दिल्याशिवाय जोड न धरणे या रिवाजांनी इथल्या कित्येक पिढ्यांना शरीराची आणि वागण्याची शिस्त लावली. त्याच्या जोडीला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे हे इथले नेहमीचे दृश्य. त्यातल्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे भरती असते. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळांचे पथक आले की आजही लोक वाट करून देतात आणि कौतुकाने पाहतात.

मग अशा मुलखाला कोरियातून आलेल्या विद्येची गरज काय? कुस्ती अंगाला अंग भिडल्यावर सुरू होते. तायक्वांदो अंतर राखून लढायला शिकवतो. कुस्तीत पकड, वजन आणि दम बोलतो; तायक्वांदोत नजर, वेळ साधणे आणि पायाची झेप. दोन्ही मिळून शरीराचे शिक्षण अधिक पुरे होते, कुणी कुणाची जागा घेत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. तालमीचा उंबरा मुलींसाठी फार काळ बंद होता. पैलवानकीचा खुराक सामान्य घराला परवडत नाही. ज्याच्या अंगापिंडातच पैलवानकी नाही, असा मुलगा तालमीच्या दारातूनच परत फिरतो. तायक्वांदोच्या वर्गात बारकी मुलगी, जाडसर मुलगा, लाजराबुजरा पोरगा हे सगळे पहिल्या दिवसापासून ओळीत उभे असतात. ज्यांना आजवर मैदान मिळाले नव्हते, त्यांच्यासाठी ते उघडते.

या विद्येचा इतिहास सांगताना ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ असा आरंभ करण्याचा प्रघात आहे. गोगुर्यो राजवटीच्या थडग्यांतली भित्तिचित्रे, सिल्ला राज्यातले ह्वारांग नावाचे तरुण योद्धे, १७९० मध्ये राजाज्ञेने सिद्ध झालेला ‘मुये दोबो तोंगजी’ हा युद्धकलांचा सचित्र ग्रंथ, असे दाखले दिले जातात. कोरियात हातापायांनी लढण्याच्या जुन्या परंपरा होत्या, यात शंका नाही. त्यांपैकी तेक्क्यॉन ही लयीत पाय चालवण्याची कला आजही जिवंत आहे. युनेस्कोने २०११ मध्ये तिचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. तरीही आपल्या मुलांना आज जो तायक्वांदो शिकवला जातो, तो त्या थडग्यांतल्या चित्रांतून सरळ चालत आलेला नाही.

त्याचा खरा जन्म पारतंत्र्याच्या काळात आहे. १९१० ते १९४५ अशी पस्तीस वर्षे कोरिया जपानच्या अमलाखाली होता. शिक्षणासाठी जपानला गेलेल्या काही कोरियन तरुणांनी तिथे कराटे शिकून घेतले. ली वोन-कुक हे त्यांतले एक. ते शोतोकान कराटेचे आद्य गुरू गिचिन फुनाकोशी यांच्याकडे शिकले आणि १९४४ मध्ये त्यांनी सोल शहरात ‘चुंग दो क्वान’ ही शाळा काढली. देश स्वतंत्र झाल्यावर अशा आणखी शाळा निघाल्या: मू दुक क्वान, जी दो क्वान, चांग मू क्वान. प्रत्येकीचा गुरू वेगळा, ढंग वेगळा आणि अभिमानही वेगळा. आपल्याकडच्या पेठापेठांतल्या तालमींचा मान जसा वेगवेगळा, तसेच तिथेही होते.

या विखुरलेल्या शाळांना एकत्र आणण्याचे काम पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत झाले. जनरल चोई होंग-ही यांनी लष्करात या विद्येला जागा दिली. १९५३ मध्ये जेजू बेटावर उभारलेल्या २९ व्या डिव्हिजनमध्ये सैनिकांना तिचे शिक्षण दिले जाऊ लागले. १९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव पुढे आले. काही शाळांना ते लगेच रुचले नाही आणि त्यावर पुढची दहा वर्षे वाद चालला. १९७२ मध्ये सोलमध्ये ‘कुक्कीवोन’ हे मुख्यालय उभे राहिले. मे १९७३ मध्ये तिथेच पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि त्याच महिन्यात जागतिक संघटनेची स्थापना झाली. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तायक्वांदो प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखवला गेला, आणि २००० मध्ये सिडनीत तो पदकांचा खेळ झाला. नाव मिळाल्यापासून ऑलिंपिक पदकापर्यंतचा हा प्रवास फक्त ४५ वर्षांचा आहे. जेत्याकडून आलेली विद्या घेतली, तिच्यात आपल्या अंगाची चाल मिसळली, लाथेला प्रधान स्थान दिले, शिकवण्याचा क्रम ठरवला आणि ती जगाला दिली. ही कामगिरी मला दोन हजार वर्षांच्या दाव्यापेक्षा मोठी वाटते. म्हणूनच मुलांना हा इतिहास खरा सांगावा.

या इतिहासात फाळणीही आहे. चोई होंग-ही यांनी १९६६ मध्ये स्थापलेली आंतरराष्ट्रीय संघटना ते १९७२ मध्ये कॅनडाला गेले तेव्हा सोबत घेऊन गेले. पुढे त्यांनी उत्तर कोरियात ही विद्या रुजवली. २००२ मध्ये प्योंगयांग इथेच त्यांचे निधन झाले. त्यामुळे आज जगात तायक्वांदोचे दोन मोठे प्रवाह आहेत. एकाचे केंद्र सोल. ऑलिंपिकमध्ये दिसतो तो हाच. दुसरा चोई यांच्या परंपरेचा. दोहोंचे साचे, नियम आणि लढतीची पद्धत निरनिराळी आहे. २०१८ मध्ये प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाप्रसंगी दोन्ही कोरियांच्या पथकांनी एकत्र प्रात्यक्षिके केली. हे पुस्तक मुख्यतः पहिल्या प्रवाहाबद्दल आहे, कारण शालेय, विद्यापीठ आणि ऑलिंपिक स्पर्धांचा रस्ता त्याच्यातून जातो.

ज्या वर्षी जेजू बेटावर कोरियन सैनिक ही विद्या शिकू लागले, त्याच वर्षी एक कोल्हापूरकर सेनानी कोरियाच्या भूमीवर होता. कोरियन युद्ध जुलै १९५३ मध्ये थांबले, पण मायदेशी परतायला तयार नसलेल्या सुमारे बावीस हजार युद्धकैद्यांचा प्रश्न उरला. त्यांना ताब्यात ठेवून तटस्थपणे सांभाळण्यासाठी भारताने आपले दल पाठवले आणि त्याचे नेतृत्व मेजर जनरल एस. पी. पी. थोरात यांच्याकडे दिले. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर पाय ठेवू देण्यास नकार दिला, तेव्हा या दलाला जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावे लागले. चिडलेल्या कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, त्या वेळी थोरात स्वतः छावणीत शिरले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. त्यांच्या कोरियातील सेवेचा अशोकचक्र (वर्ग दोन) देऊन गौरव झाला. या प्रसंगाचा तायक्वांदोशी थेट संबंध नाही. पण ज्या देशात ही विद्या घडली, तो त्या दिवसांत किती उद्ध्वस्त आणि दुभंगलेला होता, हे निपाणीपासून तासाभराच्या अंतरावरच्या माणसाने डोळ्यांनी पाहिले होते. शिवाय युद्धकलेचा सर्वांत कठीण धडा, म्हणजे हाती बळ असताना ते आवरणे, त्याने तिथे करून दाखवला होता.

आता प्रत्यक्ष विद्येकडे वळू. तायक्वांदोची पाच अंगे आहेत. पहिले मूलभूत तंत्र: पवित्रे, अडवण, ठोसे आणि लाथा. दुसरे पूमसे, म्हणजे काल्पनिक प्रतिस्पर्ध्यांशी ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायची लढत. तिसरे क्योरुगी, म्हणजे समोरासमोरची लढत. चौथे क्युक्पा, म्हणजे फळी किंवा कौले फोडून ताकद आणि नेमकेपणा आजमावणे. पाचवे होसिनसुल, म्हणजे स्वसंरक्षण. सरावाच्या जागेला दोजांग, पोशाखाला दोबोक आणि गुरूला साबुम म्हणतात.

लाथ हा या विद्येचा गाभा. वरवर पाहणाऱ्याला वाटते की जोर पायातून येतो. प्रत्यक्षात ती जमिनीपासून बांधावी लागते. आधी गुडघा उंच उचलून पोटरी मांडीशी आवळायची. मग ज्या पायावर उभे आहोत तो चवड्यावर फिरवायचा. मग कंबर वळवायची. आणि शेवटी गुडघ्यापासूनचा पाय सुटतो आणि लागल्याबरोबर मागे येतो. सरळ मारायची आप चागी, फिरवून मारायची दोल्यो चागी, बाजूने मारायची योप चागी, पाठ वळवून मागे मारायची द्वी चागी आणि वरून खाली आणायची नेर्यो चागी या मुख्य लाथा याच तत्त्वावर चालतात. उभा पाय फिरला नाही तर सगळा ताण गुडघ्यावर येतो. म्हणून पहिले काही महिने साबुम मुलांना भिंतीला किंवा सोबत्याच्या खांद्याला धरून नुसता गुडघा उचलायला लावतात, तेव्हा पालकांनी कंटाळू नये. तालमीत वस्ताद नव्या पोराला किती दिवस नुसत्या जोर-बैठका काढायला लावतात, ते आठवावे.

पूमसेबद्दलही असाच गैरसमज आहे. लढत पाहायला आलेल्यांना ते नाचासारखे वाटते. पाढे पाठ असल्याशिवाय हिशेबाला वेग येत नाही. लढतीच्या वेगात हात-पाय आपोआप योग्य जागी जावेत, यासाठी पूमसे तसेच घोटावे लागते. रंगीत पट्ट्यांसाठी तेगुक नावाचे आठ पूमसे आहेत. काळा पट्टा घेतलेल्याला पुढे कोर्यो शिकावा लागतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत पूमसेलाही पदके होती. त्यामुळे ज्या मुलाला लढतीची धास्ती वाटते, पण शरीराचा तोल आणि रेषा सुंदर आहेत, त्यालाही मोठ्या स्पर्धेचा रस्ता मोकळा झाला आहे.

पट्ट्यांचा क्रम पांढरा, पिवळा, हिरवा, निळा, तांबडा आणि काळा असा आहे. मधल्या पायऱ्यांसाठी पट्टीचे किंवा दुरंगी पट्टे वापरतात. काळ्या पट्ट्याआधीच्या पायऱ्यांना गुप म्हणतात आणि त्या दहावरून एकावर उतरतात. काळ्यानंतरच्या दान एकापासून वर चढतात. पंधरा वर्षांखालच्या मुलाला दान मिळत नाही, त्याऐवजी पूम मिळतो, आणि त्याचा पट्टा तांबडा-काळा असतो. कुक्कीवोनच्या नियमानुसार पहिल्या दानवरून दुसऱ्यावर जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर दोन आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर तीन वर्षे लागतात. म्हणजे काळा पट्टा कमरेला बांधला की खऱ्या शिक्षणाचा आरंभ होतो. ज्या घरात भिंतीवर प्रमाणपत्रांची रांग आहे आणि मुलाला पूमसेतला तोल साधत नाही, त्या घराची फसवणूक झालेली असते.

लढतीचे नियम समजले की खेळ पाहायला गोडी येते. मैदान अष्टकोनी, सुमारे ८ मीटर व्यासाचे. दोघेही छातीला होगू म्हणजे संरक्षक कवच, डोक्याला शिरस्त्राण, दातांवर रक्षक, हात-पाय-जांघेसाठी संरक्षक साधने घालून उतरतात. दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या असतात, आणि २०२२ पासून दोन फेऱ्या जिंकणारा विजयी ठरतो. छातीवरच्या ठोशाला १ गुण, छातीवरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. तीच लाथ अंगाने गिरकी घेऊन मारली तर छातीवर ४ आणि डोक्यावर ५. डोक्यावर ठोसा मारणे आणि कमरेखाली लाथ मारणे मना आहे. नियम मोडल्यास ‘गाम-जोम’ मिळतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात एक गुण जमा होतो. पंचांच्या नजरेवरचे वाद कमी व्हावेत म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये छातीच्या होगूत आणि २०१६ च्या रिओत शिरस्त्राणातही विजेरी संवेदक आले. त्यामुळे लढतीची चालही बदलली. पुढचा पाय हवेत धरून सतत टोचत राहणारे खेळाडू वाढले, आणि गिरकीच्या लाथा मागे पडू नयेत म्हणून त्यांचे गुण वाढवावे लागले.

सीमाभागासारख्या मुलखाने या खेळाच्या ऑलिंपिक इतिहासातली एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ज्या देशांना इतर खेळांत फारसे काही मिळत नव्हते, त्यांना या खेळाने पहिले यश दिले. व्हिएतनामला पहिले ऑलिंपिक पदक २००० मध्ये त्रान हिएउ न्गान हिने तायक्वांदोत मिळवून दिले. तैवानची पहिली दोन सुवर्णपदके २००४ मध्ये चेन शी-शिन आणि चू मु-येन यांनी याच खेळात जिंकली. अफगाणिस्तानचे पहिले पदक २००८ मध्ये रोहुल्ला निकपाई याचे. २०१६ मध्ये जॉर्डनला पहिले पदक अहमद अबुघौशने सुवर्णाच्या रूपाने दिले आणि आयव्हरी कोस्टला पहिले सुवर्ण शेक सिसेने. या खेळाला मोठे स्टेडियम लागत नाही, महागडी बंदूक लागत नाही, घोडा लागत नाही. चांगली गादी, जाणता गुरू आणि वर्षानुवर्षांचा सराव लागतो. शिवाय पहिल्या ऑलिंपिकपासून पुरुषांचे चार आणि स्त्रियांचे चार वजनगट आहेत. ऑलिंपिकच्या आखाड्यात स्त्रियांची कुस्ती २००४ मध्ये आली आणि बॉक्सिंग २०१२ मध्ये. तायक्वांदोत मात्र त्या पहिल्या दिवसापासून बरोबरीने आहेत.

भारतात ही विद्या १९७० च्या दशकाच्या मध्यात जिमी जगतियानी यांनी आणली. २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत सुरेंद्र भंडारी यांनी कांस्यपदक मिळवले. अरुणा तंवर टोकियो पॅरालिंपिकमध्ये तायक्वांदो खेळण्यासाठी निवडली गेलेली पहिली भारतीय ठरली. मात्र २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय खेळाडू ऑलिंपिकच्या तायक्वांदोसाठी पात्र ठरलेला नाही. एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या मुलांनी पांढरा दोबोक घातलेला असताना हे व्हावे, याची खंत वाटायला हवी. राष्ट्रीय संघटनांमधल्या मान्यतेच्या वादांनी खेळाडूंची बरीच वर्षे वाया घालवली, हे त्याचे एक कारण. पट्टे वाटणारे वर्ग भरपूर आणि स्पर्धक घडवणारी केंद्रे थोडी, हे दुसरे.

यावर निराश होणाऱ्याने तुरमुरीकडे पाहावे. बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरच्या या गावातली मलप्रभा जाधव ही शेतकऱ्याची मुलगी बेळगावातल्या राज्य क्रीडा खात्याच्या केंद्रात ज्युदो शिकली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश हा उझबेकिस्तानातला कुस्तीप्रकार प्रथमच आला, आणि त्यात ५२ किलो गटात तिने कांस्यपदक जिंकले. ज्युदो जपानचा, कुराश उझबेकिस्तानचा. पण मनगट आणि जिद्द बेळगाव तालुक्यातली. तिच्या पदकामागे योग्य वयात सुरू झालेले शिक्षण होते, रोजचा सराव होता, निवासी केंद्र होते आणि नेटाने शिकवणारा प्रशिक्षक होता. तायक्वांदोसाठी या पट्ट्यात असे एक केंद्र उभे राहिले, तर दहा वर्षांत काय होईल याचा विचार करणे गैर नाही.

सीमाभागातल्या दोजांगचे एक वैशिष्ट्य मला फार मोलाचे वाटते. इथल्या एकाच ओळीत घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, उर्दू आणि कोंकणी बोलणारी मुले उभी असतात. शाळेच्या माध्यमावरून, पाट्यांवरून आणि फलकांवरून ज्या मुलखात एवढे तापते, तिथे दोजांगमध्ये हुकूम कोरियन असतात. चार्योत म्हटले की सगळे सावधान, क्योंग्ये म्हटले की सगळे वाकून वंदन करणार, सिजाक म्हटले की लढत सुरू, गुमान म्हटले की बंद. हाना, दुल, सेत, नेत, दासोत हे आकडे सगळ्यांनाच सारखे नवे. इथे कुणाच्या मायबोलीचा वरचष्मा नाही आणि कुणाची मायबोली खालीही नाही. मातृभाषेचा हक्क ही या भागात जिव्हाळ्याची आणि न्याय्य मागणी आहे, तिच्यात यामुळे काही उणे होत नाही. पण रोजचा एक तास शेजारच्या गल्लीतल्या मुलाशी बरोबरीने घाम गाळायला मिळणे, त्याला वाकून वंदन करून मगच त्याच्यावर लाथ उगारणे, आणि हरल्यावर त्याच्याशी हात मिळवणे, हे शिक्षण या पट्ट्यातल्या पोरांना दुसरीकडे सहज मिळत नाही.

सीमेमुळे येणाऱ्या अडचणीही सांगायला हव्यात. निपाणीचे शहर कर्नाटकात, आणि त्याला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. म्हणजे निपाणीतला मुलगा शाळेत असताना चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्याकडून कर्नाटकच्या स्पर्धांत उतरतो, आणि महाविद्यालयात गेल्यावर तोच शिवाजी विद्यापीठाचा खेळाडू होऊ शकतो. शालेय स्पर्धांची रचना, वयोगटांच्या तारखा, क्रीडागुणांच्या सवलती, शिष्यवृत्त्या या सगळ्यांचे नियम दोन राज्यांत वेगळे आहेत. एका राज्याच्या संघटनेत नोंद असलेल्या खेळाडूला ऐन वेळी दुसऱ्या राज्यातून खेळता येत नाही. म्हणून पालकांनी मुलाची नोंद कुठल्या जिल्हा संघटनेत आहे, ती संघटना कुणाशी संलग्न आहे, दानचे प्रमाणपत्र कुक्कीवोनचे आहे की नाही, हे पहिल्याच वर्षी विचारून लेखी घ्यावे. नोकरीच्या वा प्रवेशाच्या वेळी कागद नाकारला गेला, तर आठ-दहा वर्षांची मेहनत मातीला मिळते.

स्वसंरक्षणाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. चार आठवड्यांच्या शिबिरात मुलगी ‘निर्भय’ होत नाही. नियमांच्या चौकटीतली लढत आणि रस्त्यावरचा हल्ला यांत अंतर आहे. तिथे पंच नसतो, होगू नसतो, गादी नसते. दोन-तीन वर्षे नेमाने सराव करणाऱ्या मुलीला मिळते ते वेगळेच. अंगावर कुणी धावून आले तरी डोळे मिटत नाहीत. अंतराचा अंदाज येतो. आवाज पोटातून निघतो. पळण्याची वेळ कोणती आणि प्रतिकाराची कोणती, हे सुचते. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे आपले शरीर कुणी झाकून ठेवण्याची वस्तू नाही, ते आपले आहे आणि आपले ऐकते, ही जाण तिला येते. आपल्या गावांतल्या मुलींसाठी ही जाण पदकाइतकीच मोठी आहे.

धोकेही आहेत. शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटवर उड्या मारून लाथांचा सराव केला तर गुडघे आणि घोटे लवकर निकामी होतात; गादी हा चैनीचा भाग नाही. वाढत्या वयाच्या मुलांना वजनगटात बसवण्यासाठी उपाशी ठेवणे किंवा पाणी तोडणे हा अपराध मानला पाहिजे. मांड्या फाकवण्यासाठी मुलांच्या पाठीवर उभे राहणारा शिक्षक त्यांचे स्नायू फाडतो. डोक्यावर जोरात लाथ बसून चक्कर आली, तर त्या दिवशी लढत थांबवून डॉक्टरांकडे जायचे असते. आणि फळ्या फोडण्याच्या प्रयोगाला टाळ्या भरपूर मिळत असल्या, तरी लहान मुलांच्या बोटांची हाडे अजून कच्ची असतात, हे विसरू नये.

शेवटी पुन्हा तालमीच्या मापाकडे येतो. चांगला साबुम कोण, हे ओळखायला कोरियन भाषा यावी लागत नाही. तो स्वतः घाम गाळतो का? कमकुवत मुलाकडे तितकेच लक्ष देतो का? मुलगी-मुलगा असा भेद न करता सगळ्यांना सारखे रगडतो आणि सारखे जपतो का? तयारी नसलेल्याला परीक्षेला बसवायला नकार देतो का, मग पालक नाराज झाले तरी? आपल्यापेक्षा जाणत्या गुरूकडे शिष्याला स्वतःहून पाठवतो का? आपल्या आजोबांनी वस्ताद निवडताना हेच पाहिले होते. जिथे या प्रश्नांची उत्तरे ‘होय’ अशी येतील, तिथे मुलाला निःशंक सोडावे आणि निदान तीन वर्षे पट्ट्याचा रंग विचारू नये.

पुढच्या प्रकरणांत पवित्रे, लाथा, आठही तेगुक, लढतीचे डावपेच, आहार, दुखापतींवरचे उपाय आणि स्पर्धांचे नियम क्रमाने आले आहेत. हे वाचून कुणी तायक्वांदोपटू होणार नाही. विद्या गादीवरच शिकायची असते. पण शिकणाऱ्याला आपण काय करतो आहोत ते कळेल, शिकवणाऱ्याला आपले काम पडताळता येईल आणि पालकांना योग्य प्रश्न विचारता येतील. ग्रामपंचायती, नगरपालिका, शाळांची व्यवस्थापने आणि तालमींचे कारभारी यांच्याकडे माझी एक विनंती आहे. तालमीची जागा संध्याकाळी मोकळी असेल, तर तिथे एक गादी अंथरू द्या आणि मुलींना आधी बोलवा. कुस्तीच्या मातीला त्याने बाधा येणार नाही. ज्या मुलखाने इतक्या पिढ्या मैदान मारणारे पैलवान घडवले, त्याने ठरवले तर ऑलिंपिकच्या अष्टकोनात उतरणारा पहिला भारतीयही इथूनच जाऊ शकतो.